ताऱ्यांची मोजदाद आणि माणसाची मान

९ एप्रिल २०१७, टोकियो. र्‍योगोकू कोकुगिकान हे सुमोचं सभागृह, पण त्या दिवशी तिथे न्यू जपान प्रो-रेसलिंगचा कार्यक्रम होता. विजेता काझुचिका ओकाडा आणि त्याला आव्हान देणारा कात्सुयोरी शिबाता यांची कुस्ती अर्ध्या तासापलीकडे गेली होती. शिबातानं ओकाडाचं डोकं धरलं आणि स्वतःचं कपाळ त्याच्या कपाळावर हाणलं. या धंद्यात टक्कर मारताना मध्ये हात घालतात. टोला हातावर जातो आणि बघणाऱ्याला तो डोक्यात बसल्यासारखा वाटतो. शिबातानं हात घातला नाही. फरशीवर नारळ आपटावा तसा आवाज आला. त्याच्या कपाळातून रक्ताची बारीक रेघ नाकाकडे उतरली. तो पुढे लढला, हरला, स्वतःच्या पायांनी आत गेला आणि तिथे कोसळला. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणून जीव वाचला.

त्या कुस्तीला पाच तारे मिळाले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत डेव्ह मेल्ट्झर नावाचा पत्रकार १९८०च्या दशकापासून ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ नावाचं वार्तापत्र काढतो आणि सिनेमाला द्यावेत तसे कुस्त्यांना तारे देतो. ही पद्धत त्याच्याआधीही काही चाहते वापरत होते, त्यानं ती रूढ केली. आज जगभरचा चाहता कुस्ती बघून झाली की तिचे तारे शोधतो. पाच मिळाले तर ती थोर. साडेतीन मिळाले तर बघितली नाही तरी चालेल. पाचाचीही मर्यादा उरली नाही, ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्या ९ जून २०१८च्या ओसाकातल्या कुस्तीला सात तारे दिले गेले. मेल्ट्झरवर माझा राग नाही. या धंद्यातले मृत्यू, पैशांची फसवणूक, औषधांचा वापर याबद्दल त्यानं जितकं लिहिलं तितकं फार थोड्यांनी लिहिलं. त्याची आवड ही त्याची आवड आहे. तिची फूटपट्टी आपण केली. शिबाताच्या टकरीची ती काही सेकंदांची चित्रफीत फिरवून ‘काय आवाज आला!’ म्हणणारे आपणच होतो. मी ती पाहिली, एकदा नव्हे, अनेकदा पाहिली, आणि माझा संताप तिथून सुरू होतो.

तीस वर्षं मी हा खेळ बघते आहे. तो ठरवून खेळला जातो हे शोधून काढल्याच्या थाटात मला अजूनही कुणी ना कुणी सांगतं. अहो, ते लपलेलं कुठे आहे? १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगून टाकलं की हा करमणुकीचा प्रयोग आहे, खरी स्पर्धा नाही. कारण साधं होतं, खेळांवर लागणारी सरकारी देखरेख आणि कर टाळायचे होते. निकाल ठरलेला, डाव समजुतीनं पडणारे, हे त्या पैलवानांना माहीत आहे, प्रेक्षकाला माहीत आहे, सरकारला माहीत आहे. दशावतारात शंकासुर खरा राक्षस नसतो हे सिंधुदुर्गातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं आणि तरी ते आईच्या पदराआड लपतं. सोंग आहे का, हा प्रश्नच नाही. सोंग वठलं का, हा आहे.

आणि इथेच आजचा शहाणा चाहता घसरतो. त्याला सोंग आवडतच नाही. ‘मला सगळं कळतं’ हे त्याचं भूषण. मग ज्याला सोंगानं हलवता येत नाही त्याला हलवायचं कशानं? खऱ्या आवाजानं, खऱ्या रक्तानं, मानेवर पडणाऱ्या खऱ्या माणसानं. खोटं आहे हे ज्याला सर्वांत जास्त पटलेलं आहे, तोच खऱ्या इजेची सर्वांत जास्त मागणी करतो. गेल्या तीस वर्षांत या खेळातलं सगळं नुकसान मला या एका गाठीशी येऊन मिळताना दिसतं.

मी कुस्ती बघायला शिकले आजीकडून. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. आजीचा थोरला भाऊ तालमीतला पैलवान. त्याचे कान गाठाळलेले, आणि एका फडात मान दुखावली ती कायमची. त्याला उजवीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. आजीनं लग्नाआधी त्याच्यासाठी थंडाईचे बदाम वाटले, त्याच्या मानेला तेल चोळलं, तो हरून आला की त्याच्या ताटाशी गप्प बसून राहिली. पण कुस्ती तिनं कधी बघितली नव्हती. बायकांनी फडाला जायची रीतच नव्हती. हलगी ऐकू यायची, आरोळी ऐकू यायची, कोण जिंकलं हे पोरं पळत येऊन सांगायची. तिनं डोळ्यांनी पाहिलेली पहिली कुस्ती म्हणजे आमच्या घरी केबल आल्यावर दूरदर्शन संचावर दिसलेली डब्ल्यूडब्ल्यूएफची.

माझे चुलत भाऊ तेव्हा पैलवानांचे पत्ते खेळायचे. उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या लढती, ज्याचा आकडा मोठा त्याचा पत्ता भारी. आम्ही सगळे मारणाऱ्याकडे बघायचो. आजी खाली पडलेल्याकडे बघायची. एखादा दोरावरून उडी मारून दुसऱ्याच्या छातीवर आदळला की आम्ही ओरडायचो आणि ती विचारायची, “आगं, जित्ता हाय न्हवं त्यो?” मी म्हणायचे, “आजी, ते खोटं असतं.” ती म्हणायची, “आसंल खोटं. पर गुडघा धरलाय बघ त्यानं. आता उठंल कसा?” आणि तो उठून लंगडत नसेल तर तिचं मन उडायचं. ती उठून स्वयंपाकघरात जायची. तिला फसवलं म्हणून नव्हे. तिनं त्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता आणि त्यानं तो फुकट घालवला, म्हणून.

कुस्ती जोखायची यापेक्षा नेमकी रीत मला तीस वर्षांत कुठल्याही तज्ज्ञानं शिकवलेली नाही. धंद्याच्या भाषेत याला ‘सेलिंग’ म्हणतात. मार खाणाऱ्यानं तो मार प्रेक्षकाच्या गळी उतरवायचा. पायावर घाव बसला असेल तर दहा मिनिटांनी पळताना तो पाय आठवला पाहिजे. पाठ मोडली असेल तर समोरच्याला उचलताना ती आड आली पाहिजे. झालेल्या माराचा हिशेब पुढे लागत गेला की कुस्तीला कथा येते. हिशेब लागला नाही की उरतात नुसत्या कसरती.

डब्ल्यूडब्ल्यूएफचा २९ मार्च १९८७चा रेसलमेनिया नावाचा कार्यक्रम घ्या, पाँटियाक सिल्व्हरडोममधला. हल्क होगन आणि आंद्रे द जायंट. कंपनीनं प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ सांगितला. तो फुगवलेला होता असा वाद आजही आहे, पण मैदान काठोकाठ भरलं होतं याबद्दल वाद नाही. आंद्रेचं शरीर तेव्हा त्याला सोडून चाललं होतं. वाढीच्या संप्रेरकाचा आजार, पाठीची शस्त्रक्रिया झालेली, अंगातल्या कपड्याखाली पट्टा आवळलेला. तो धड चालू शकत नव्हता. त्या कुस्तीत डाव म्हणावेत असे डाव बोटांवर मोजण्याइतके. मिठी, टोले, थांबणं, दम खाणं. मेल्ट्झरनं तिला उणे चार तारे दिले. शून्यही नाही, उणे चार.

पण काय घडलं ते बघा. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि त्या वजनाखाली कोसळतो. खांदे टेकलेले असताना पंचानं तीन मोजले की हार, तो तीन मोजता मोजता राहतो. पुढची सगळी मिनिटं होगनची पाठ दुखते आहे आणि मैदानातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती दुखते आहे. आणि मग तो पुन्हा वाकतो, ५२० पौंड म्हणून जाहीर केलेला तो देह उचलतो आणि आपटतो. एक डाव. नव्यानं शोधलेला नाही, कुठलीही कसरत नाही, कुस्तीच्या शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात तो. आंद्रे सहा वर्षांनी, ४६व्या वर्षी गेला. पण त्या रात्री त्याला कुणी डोक्यावर पाडलं नाही. आपलं नाव, आपला दबदबा त्यानं दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि तो सोपवताना दिसला. याला उणे चार म्हणणारी मोजपट्टी कुस्ती मोजत नाही, डावांची संख्या मोजते.

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत अशा माणसाला लोक ओळखतात. तानांची मोजदाद ठेवणारा, तिसऱ्या सप्तकात गळा पोचला की मान डोलावणारा, आणि ज्या षड्जावर गवयानं श्वास ठेवला तिथे मात्र घड्याळ बघणारा. त्याला कुणी रसिक म्हणत नाही. कुस्तीत मात्र त्यालाच जाणकार म्हणायचं?

त्याच रात्री रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती झाली. ती मात्र जाणकारांना आवडते, मलाही जिवापाड आवडते. पंधरा मिनिटांच्या आतली. दोघांनी ती आधीपासून पायरी पायरीनं बांधली होती, सॅव्हेज तर ती कागदावर उतरवून घोकून घेणारा माणूस. तिच्यात तीनपर्यंत न पोचणाऱ्या मोजण्या भरपूर आहेत, आणि पुढच्या पिढीनं तिच्यातून नेमकं तेवढंच उचललं. मूळ गोष्ट विसरली. सॅव्हेजनं काही महिने आधी घंटा वापरून स्टीमबोटचा गळा चिरडल्याचं दाखवलं होतं. स्टीमबोट परत आला होता तो त्या गळ्याचा बदला घ्यायला, आणि त्या रात्री त्याचे हात पुन्हा पुन्हा सॅव्हेजच्या गळ्याकडे जातात. प्रत्येक मोजणीमागे तो गळा होता, म्हणून ती मोजणी लोकांच्या घशात अडकत होती.

आज कुठल्याही मोठ्या कुस्तीची शेवटची दहा मिनिटं बघा. एकाचा हुकमी डाव, दोनवर खांदा वर. दुसऱ्याचा हुकमी डाव, दोनवर खांदा वर. कुणा तिसऱ्याचा गाजलेला डाव उसना आणला, पुन्हा खांदा वर. मग दोघं आडवे, आणि प्रेक्षक उभे राहून ‘हे भन्नाट आहे’ अशी एका सुरात घोषणा देतात. या घोषणेइतका माझा जीव दुसऱ्या कशानंही कासावीस होत नाही. कुणाच्या बाजूनं आहात तुम्ही? कुणी जिंकावं असं वाटतंय? दोघांचंही कौतुक करणाऱ्या त्या घोषणेत दोघांपैकी कुणाचीच काळजी नाही. ती घोषणा स्वतःच्या पाठीवर दिलेली थाप आहे, आम्ही थोर कुस्ती बघतोय आणि आम्हाला ते कळतंय, अशी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांची फ्रीस्टाईल बघायला गिरणगावातून लोटणाऱ्या माणसांना असली घोषणा सुचणं शक्य नव्हतं. त्यांना दारासिंग जिंकायला हवा होता.

२७ मे २०१६ला टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये विल ऑस्प्रे आणि रिकोशे लढले. दोघं एकाच क्षणी उलटी कोलांटी मारून समोरासमोर एकाच पवित्र्यात उतरतात, ही त्यातली चित्रफीत जगभर फिरली. व्हेडर हा त्याच्या काळातला मोठा पैलवान, त्यानं यावर जाहीर टीका केली आणि चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणाला ही जिम्नॅस्टिक्स आहे, दुसरा म्हणाला म्हातारे जळतात. मला दोन्ही तट चुकीचे वाटले. कोलांटी हा दोष नाही. खेळ बदलणारच, शरीरं चपळ झाली आहेत, आणि त्या दोघांची तयारी थक्क करणारी आहे. ‘आमच्या वेळी सगळं खरं वाटायचं’ म्हणणाऱ्या जुन्या खोडांशीही माझं जमत नाही. त्यांना प्रत्येक कुस्ती मारामारीसारखीच दिसायला हवी, जणू या रंगमंचावर एकच रस चालतो. माझा आक्षेप इतकाच की ती कोलांटी झाल्यावर त्या दोघांपैकी कुणाचं काय बिघडलं, कुणाला काय मिळालं, हे विचारायची सवयच आपण सोडली.

आणि हे ओकाडा-ओमेगाच्या बाबतीतही खरं. सात ताऱ्यांची कुस्ती सगळ्यांना पाठ. मला आठवतो तो आदल्या वर्षीचा, ११ जून २०१७चा एक क्षण. साठ मिनिटं चाललेली, बरोबरीत सुटलेली कुस्ती. ओकाडाचा ‘रेनमेकर’ नावाचा डाव म्हणजे मनगट धरून समोरच्याला ओढायचं आणि दंड गळ्यावर हाणायचा. तो बसला की संपलं. ओकाडा दंड फिरवतो, आणि ओमेगा वाकून चुकवत नाही. त्याच्यात त्राणच उरलेलं नसतं, तो तसाच खाली गळून पडतो. दंड हवेत फिरतो. थकवा हाच डाव झाला. त्यात कुणाला खरचटलंही नाही. जगातल्या दोन सर्वोत्तम पैलवानांच्या भांडारातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे एक माणूस उभा राहू शकला नाही. त्यासाठी वेगळे तारे कुणी मोजले नाहीत.

पण ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांच्याबद्दल बोलायलाच हवं, कारण मी जे म्हणते आहे ते सगळं तिथे एकवटलं आहे. २३ मार्च १९९७, शिकागोजवळ रोझमाँट. ब्रेट सज्जन, ऑस्टिन शिवराळ दुर्जन. शरणागतीची कुस्ती, म्हणजे एकानं तोंडानं हार मानल्याशिवाय सुटका नाही. पंच केन शॅमरॉक. गर्दी येताना ब्रेटची होती. तो ऑस्टिनच्या पायावर काम करत राहतो, घाईनं नाही, कसाई काम करतो तसा. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त येतं. हे रक्तही खरं होतं, आणि कापही मुद्दाम घेतलेला, ते मी लपवत नाही. पण त्या रक्ताला पुढे अर्थ मिळाला. ब्रेट त्याला शार्पशूटर नावाच्या पकडीत अडकवतो. पाय मुरगाळलेले, ऑस्टिन पालथा, चेहऱ्यावरून रक्ताच्या धारा, दात आवळलेले. तो एकदा ताकद लावून पकड जवळजवळ सोडवतो. ती पुन्हा बसते. तो शरण येत नाही. येतच नाही. आणि मग शुद्ध हरपते. शॅमरॉक कुस्ती थांबवतो.

ब्रेट जिंकला. जिंकूनही बेशुद्ध माणसाच्या पायावर पुन्हा तुटून पडला, आणि शॅमरॉकनं त्याला फेकल्यावर काढता पाय घेतला. त्या काही मिनिटांत हजारो माणसांचं मन फिरलं. सज्जनाचा दुर्जन झाला आणि दुर्जनाचा नायक. ऑस्टिननं उठवायला आलेल्या पंचालाही झिडकारलं आणि एकटा लंगडत गेला, लोक त्याचं नाव घेत होते. आम्ही ती पुढे कधीतरी केबलवर पाहिली. आजीनं विचारलं, “ह्यो हारला का?” मी हो म्हटलं. “मग त्यो दुसरा खाली मान घालून का चाललाय?” तिला इंग्रजी येत नव्हतं, ब्रेट कोण हे माहीत नव्हतं, मागच्या चार महिन्यांचं वैर माहीत नव्हतं. तरी तिला सगळं कळलं. मेल्ट्झरनं यालाही पाचच तारे दिले. शिबाताच्या टकरीइतकेच. मोजपट्टीला हा फरक दिसत नाही, तर ती काय कामाची?

ब्रेटला आयुष्यभर एका गोष्टीचा अभिमान होता, त्याच्या हातून समोरच्याला गंभीर इजा झाली नाही याचा. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र १९९९च्या डिसेंबरात दुसऱ्याच्या लाथेनं डोक्याला बसलेल्या मारानं संपवली. चाहत्यांच्या ‘सर्वकाळच्या थोर कुस्त्यां’च्या याद्यांमध्ये समोरच्याचं शरीर सांभाळण्याला किती गुण असतात? मी एकही यादी अशी पाहिलेली नाही.

आता जपानबद्दल. मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावाडा एकाच शाळेत शिकलेले, एक वर्षाचं अंतर. ३ जून १९९४ला टोकियोच्या बुडोकान सभागृहात ते लढले ती कुस्ती मी किती वेळा पाहिली त्याची गणती नाही. कावाडाला आयुष्यभर त्या एका वर्षानं मागे ठेवलं होतं आणि त्या रात्री ते अंतर तो हातांनी ओढून जवळ आणत होता. शेवटी मिसावा त्याचे दोन्ही हात मागे जखडतो, उचलतो आणि मानेवर खाली सोडतो. हात जखडलेले, म्हणजे पडणाऱ्याला स्वतःला सावरता येत नाही. हा डाव तो अगदी क्वचित वापरायचा. कावाडासाठी तो बाहेर काढावा लागला यातच त्या कुस्तीचा सगळा अर्थ होता.

पण चाहत्याची भूक अर्थावर थांबत नाही. क्वचितचा डाव एकदा पाहिला की पुढच्या वेळी तो हवाच, आणि त्यावर खांदा वर उचललेलाही हवा, आणि मग त्याहून भयंकर काहीतरी. नव्वदच्या दशकात मिसावा-कावाडाच्या मंडळींनी एकमेकांना मानेवर पाडण्याची चढाओढ लावली आणि जगभरचे जाणकार कॅसेटी मागवून मागवून तारे मोजत बसले. १३ जून २००९ला हिरोशिमात मिसावा एका साध्या डावानं पाठीवर पडला. बॅकड्रॉप. असा तो हजारो वेळा पडला होता. या वेळी उठला नाही. त्याच रात्री गेला. ४७वा वाढदिवस पाच दिवसांवर होता. तो डाव प्राणघातक नव्हता. मान आधीच संपलेली होती, आणि ती त्या थोर कुस्त्यांमध्ये संपली होती.

हा एकटा मिसावाचा किस्सा नाही. २१ एप्रिल १९८३ला टोकियोत टायगर मास्कशी लढून पाच तारे मिळवणारा इंग्लंडचा डायनामाईट किड पन्नाशीच्या कितीतरी आधी चाकाच्या खुर्चीत बसला. दोरावरून उडी मारून डोक्यानं टक्कर हाणायची, हा डाव मूळ हार्ली रेस या पैलवानाचा. आपण तो शोधला याचा रेसला पुढे पश्चात्ताप झाला. डायनामाईटनं तो उचलला. डायनामाईटला देव मानणाऱ्या ख्रिस बेन्वानं त्याच्याकडून घेतला आणि वर्षानुवर्षं, रोज रात्री मारला. २००७च्या जूनमध्ये बेन्वानं बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून केला आणि गळफास घेतला. मेंदूची तपासणी झाली तेव्हा तो चाळीस वर्षांच्या माणसाचा मेंदू वाटत नव्हता. खुनाला टकरीच कारण होत्या असं मी म्हणणार नाही. त्या दोन जिवांचा गुन्हा त्याचाच. पण त्या टकरींना ‘झोकून देणं’ म्हणत टाळ्या कुणी वाजवल्या होत्या?

‘बियाँड द मॅट’ नावाचा १९९९चा माहितीपट आहे. त्यात मिक फोली हा पैलवान हात बेड्यांनी मागे बांधलेले असताना डोक्यावर खुर्चीचे अकरा टोले खातो. पहिल्या रांगेत त्याची बायको आणि दोन लहान मुलं. मुलं किंचाळत रडतात. बाजूचे प्रेक्षक ओरडताहेत आनंदानं. नंतर फोलीला ती चित्रफीत दाखवतात तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईनं, म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं, डोक्यावर खुर्ची मारायला बंदी घातली ती २०१० साली. आणि ती बंदी आली तेव्हा ‘आता मजा गेली’ म्हणून हळहळणारे लोक मला माझ्या ओळखीत भेटले. सुशिक्षित, मुलाबाळांची माणसं.

मला सांगतात, कुणी जबरदस्ती केली आहे का? पैलवान स्वखुशीनं करतात. हे स्वखुशीचं काय ते नीट बघू. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीतही पैलवान नोकर नसतो, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्याचा आरोग्य विमा त्याचा त्याला बघावा लागतो. छोट्या सभागृहांत लढणाऱ्या पोराला मोठं कंत्राट मिळायचं तर त्याचं नाव गाजायला हवं, नाव गाजायचं तर चित्रफीत फिरायला हवी, आणि कुठली चित्रफीत फिरते ते आपण ठरवतो. छान लंगडणाऱ्याची फिरत नाही. मानेवर पडणाऱ्याची फिरते. पोरगं बावीस वर्षांचं असतं. त्याला काय करायला हवं ते आपण दर रात्री ओरडून सांगतो आणि त्यानं ते केलं की त्याला त्याची खुशी म्हणतो. कोल्हापूरच्या खासबागेतल्या फडात बरोबरीत सोडवलेल्या रटाळ कुस्तीवर लोक चिडतात, पैलवानाला नाव ठेवतात, पण त्याची मान मोडावी म्हणून कुणी बक्षीस लावत नाही. तिथला निकाल खरा असतो, म्हणून खऱ्याची किंमत त्यांना माहीत असते.

शिबातानं त्या रात्री हात का घातला नाही, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. त्याची शैलीच तशी होती, कठोर, खरी, आणि आम्ही तिच्यावर प्रेम केलं होतं. ‘हा बाकीच्यांसारखा नाटकी नाही’ असं म्हणत केलं होतं. मीही म्हटलं होतं. त्याच्या हाताची ती चार बोटं मध्ये आली असती तर ओकाडा तसाच झोकांडला असता, सभागृह तसंच दणाणलं असतं, आणि आजीसारखं कुणीतरी कुठेतरी हातातलं काम थांबवून विचारलं असतं, जित्ता हाय न्हवं?

त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ तो लढला नाही. पण १३ ऑगस्ट २०१७ला, त्याच र्‍योगोकूमध्ये, मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, काही न कळवता त्याचं संगीत वाजलं. सभागृहाला आधी खरंच वाटेना, मग बायाबाप्ये उभे राहून रडायला लागले. तो चालत रिंगमध्ये आला. माईक घेतला. आपण जिवंत आहोत, सांगायचं एवढंच, असं म्हणाला आणि आत निघून गेला.